पाच टनांचा नियम: बार्शी लाइटची गोष्ट

मुंबईहून सोलापूरकडे जाणारी ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेची मोठी लाइन बार्शीला टाळून गेली. बार्शी म्हणजे मराठवाड्याच्या तोंडावरची भरभराटीची पेठ. पण जवळचं स्टेशन पस्तीसेक किलोमीटरवर. आजचं कुर्डुवाडी, तेव्हाचं बार्शी रोड. तिथवर माल न्यायचा तो बैलगाडीनं.

याच रेल्वे कंपनीत 1882 मध्ये एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंग्रज इंजिनांचा निरीक्षक म्हणून आला. माणूस हरहुन्नरी. पुढे वैमानिकांसाठी त्यानं पॅराशूट बनवलं, अरबी घोड्यांचाही त्याला नाद. बार्शीची लाइन मात्र त्यानं वर्षानुवर्षं लावून धरली आणि 1895 मध्ये बार्शी लाइट रेल्वे कंपनी उभी राहिली.

रुळांमधलं अंतर ठरलं अडीच फूट. नॅरोगेज म्हटलं की लोक या अंतराबद्दलच बोलतात. खरी हुशारी होती ती वजनात.

हलके रूळ स्वस्त पडतात, पण जड चाकाखाली वाकतात. कॅलथ्रॉपनं रूळ निवडला मीटरला साधारण 15 किलो वजनाचा आणि नियम घातला: इंजिन असो, प्रवासी डबा असो की वाघीण म्हणजे मालाचा डबा, चाकांच्या एका जोडीवर 5 टनांहून जास्त भार पडता कामा नये.

आता इंजिनाचं काय करायचं? गाडी ओढायची तर वजन हवंच, नाहीतर चाकं जागच्या जागी घसरतात. लीड्सच्या किटसन कारखान्यानं वजन कमी केलं नाही, ते वाटून टाकलं. दांड्यांनी एकमेकींना जोडलेल्या चालक चाकांच्या चार जोड्या, आणि मागच्या बाजूला भार पेलायला आणखी दोन. पाण्याच्या टाक्या इंजिनाच्याच अंगावर, त्यामुळे मागे टेंडर, म्हणजे कोळसा-पाण्याचा वेगळा डबा नाही. एवढ्याशा रुळावर सहा जोड्या चाकांचं धूड!

ही गाडी भारतात येण्याआधी, 1896 मध्ये, लीड्सजवळ न्यूले इथं मुद्दाम रूळ टाकून लोकांना चालवून दाखवली. पुढच्याच वर्षी कुर्डुवाडी ते बार्शी गाडी सुरू झाली.

मग लाइन वाढत गेली. 1906 मध्ये पंढरपूर, 1911 मध्ये लातूर, 1927 मध्ये मिरज. सगळी मिळून सव्वातीनशे किलोमीटर. पंढरपूर जोडलं गेलं आणि लाइनचा रंगच पालटला. एरवी कापूस आणि धान्य वाहणाऱ्या गाड्यांवर आषाढी-कार्तिकीला वारकऱ्यांची झुंबड. प्रवासी डबे अपुरे पडले की मालाच्या वाघिणींतही माणसं बसायची. वाघिणींनाही तोच 5 टनांचा नियम, म्हणून रुळांना काय, कापूस आणि वारकरी सारखेच.

बार्शीचा अनुभव कॅलथ्रॉपनं पुढे मायदेशी वापरला. स्टॅफर्डशायरमधल्या लीक अँड मॅनिफोल्ड या छोट्या लाइनसाठी 1904 मध्ये किटसननंच दोन इंजिनं बांधली. त्यांच्या पुढे हिंदुस्थानी थाटाचे भलेमोठे दिवे होते. इंग्लंडातल्या त्या हिरव्या दरीत ते अगदीच विजोड दिसत असणार.

ती लाइन 1934 मध्ये बंद पडली. बार्शी लाइट 1954 मध्ये सरकारनं घेतली, आणि तिचे अडीच फुटी रूळ ब्रॉडगेजला जागा करून द्यायला एकविसावं शतक उजाडावं लागलं.