सरासरीने काढलेलं कर्ज

मंडळी, विषय दिलाय एआय आणि राज्यकारभाराचा, पण मी सुरुवात करणार आहे एका भागाकारापासून. शाळकरी पोरगं करेल असा भागाकार.

ऑस्ट्रेलियात बेरोजगारांना आणि विद्यार्थ्यांना सरकार भत्ता देतं. दर पंधरवड्याला आपली कमाई कळवायची, त्यावर भत्ता ठरतो. आयकर खात्याकडे मात्र कमाई नोंदलेली असते वर्षाची. २०१६ पासून तिथे ही दोन दप्तरं संगणकाने जुळवून, तफावत दिसली की वसुलीची पत्रं निघू लागली. लोक त्याला रोबोडेट, म्हणजे यंत्राने काढलेलं कर्ज, म्हणू लागले.

आता हिशेब करून बघू. समजा, एका मुलीने १३ पंधरवडे काम केलं, दर वेळी १००० डॉलर मिळाले. पुढचे १३ पंधरवडे हाताला काम नव्हतं, तेव्हा तिने भत्ता घेतला. कमाई शून्य कळवली, आणि ती शून्यच होती. संगणकाने वर्षाचे १३,००० घेतले आणि २६ने भागले. दर पंधरवड्याला ५००! म्हणजे भत्ता घेताना हिने ५०० लपवले. काढा वसुली.

पूर्वी अशी तफावत दिसली की कर्मचारी ती तपासायचा, लागलं तर मालकाकडून पगाराचे कागद मागवायचा. तो माणूसच मधून काढला गेला आणि पुरावा द्यायचं ओझं त्या मुलीवर आलं. पाच वर्षांपूर्वीच्या हॉटेलातल्या नोकरीच्या स्लिपा कोण जपून ठेवतं हो?

अशी सरासरी कायद्यात बसत नाही, हे सरकारी वकिलांनी २०१४ मध्येच सांगितलं होतं. तरी गाडा चालू राहिला. २०१९ मध्ये सरकारने कोर्टात चूक मान्य केली. २०२० मध्ये सुमारे ४ लाख ७० हजार वसुल्यांचे ७२ कोटी डॉलर परत करायचं ठरलं. कॅथरिन होम्स यांच्या चौकशी आयोगाचा अहवाल आला २०२३ मध्ये. दरम्यान काहींनी जीव दिला होता. तो कसा परत करणार?

यात एआय नव्हतंच. एआय आलं की भागाकारही दिसेनासा होतो, म्हणून मला जास्त काळजी वाटते. लाखो नोंदी चाळणं, संशयास्पद काय ते दाखवणं, हे यंत्राने खुशाल करावं. पण कुणाच्या ताटातला घास काढायचा हुकूम माणसाच्या नावानिशी, कारण लिहून निघावा. आणि त्या माणसाला ‘थांबा’ म्हणायचा अधिकार हवा, वेळ हवा. दिवसाला तीनशे फायली समोर टाकल्यात तर तो शिक्केच मारणार.

आपल्याकडे रेशन दुकानात ई-पॉस मशीनसमोर उभी असलेली म्हातारी आठवा. जन्मभर माती आणि भांडी, ठसे झिजलेले. थंब लागत नाही. बोट पदराला पुसते, परत लावते. ओटीपीची सोय असते, पण मोबाइल मुलाकडे आणि मुलगा पुण्याला. दुकानदार तिला चाळीस वर्षं ओळखतो, तरी हात बांधलेले. दुकानदारच खोट्या नोंदी करायचे म्हणून मशीन आलं, हे मी विसरलेलो नाही. म्हणून ‘ओळखून धान्य दिलं’ अशी नोंद त्याने सही करून ठेवावी, पुरवठा निरीक्षकाने महिन्याच्या आत घरी जाऊन ती पडताळावी. खोटी निघाली तर दुकानदाराला धरा. म्हातारीला मात्र त्याच दिवशी पिशवी भरून घरी जाऊ द्या.