नव्या चिपवर जुनी भाषा

[पडद्यावर: टर्मिनल. कम्पायलरच्या ओळी भराभर सरकत आहेत.]

प्रोसेसरला कोणतीही प्रोग्रामिंग भाषा कळत नाही, कळतात फक्त स्वतःच्या इन्स्ट्रक्शन. त्या तयार करून देणारा कम्पायलर हाही शेवटी एक प्रोग्रामच, आणि बरेचदा त्याच भाषेत लिहिलेला. मग कोऱ्या यंत्रावर तो आधी कम्पाइल करणार कोण?

जुनं यंत्र. गो भाषेचा कम्पायलर २०१५मध्ये सी या भाषेतून गोमध्ये आणला गेला. तेव्हापासून नव्या प्रोसेसरसाठी त्याची पहिली प्रत दुसऱ्याच यंत्रावर तयार होते. याला म्हणतात क्रॉस-कम्पाइल. सत्तरच्या दशकात झुरिकमध्ये पास्कल या भाषेचे जनक निकलाउस विर्थ यांच्या गटाने तिच्यासाठी वेगळी वाट काढली होती: कोड काल्पनिक यंत्राचा, पी-कोड. नव्या संगणकावर फक्त तो कोड वाचून चालवणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे इंटरप्रिटर, लिहायचा.

इथवर सगळं कष्टाचं, पण सरळ काम. खरी गोम पुढे आहे, विशेषतः चालता चालता मशीन कोड बनवणाऱ्या जेआयटी कम्पायलरमध्ये.

[पडद्यावर: दोन चिप शेजारी शेजारी.]

डावीकडे एक्स८६, म्हणजे इंटेल पद्धतीचा प्रोसेसर. त्याची इन्स्ट्रक्शन १ ते १५ बाइटची. उजवीकडे ६४-बिट आर्म, दुसऱ्या जातीचा प्रोसेसर; त्याची इन्स्ट्रक्शन नेहमी ४ बाइटची. मेमरीतल्या जागेचा ८ बाइटचा पत्ता तिच्यात मावणार कसा? तुकडे करून, कधी कधी चार इन्स्ट्रक्शनमध्ये. म्हणजे तो पत्ता जागच्या जागी बदलणारा जुना कोड गेला कामातून.

त्यात आर्मवर इन्स्ट्रक्शनची कॅश, म्हणजे प्रोसेसरजवळची छोटी जलद मेमरी, आपोआप ताजी होईलच असं नाही. नवा कोड मेमरीत लिहिला तरी प्रोसेसर कॅशमधला जुनाच चालवू शकतो. ती साफ कर, असं त्याला स्पष्ट सांगावं लागतं. एक्स८६वर हे हार्डवेअरच सांभाळतं, त्यामुळे ही ओळ लिहायची कुणाला आठवणच नसते. चिपची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरवर, म्हणजे एम्युलेटरवर, हा बग बहुधा दिसतच नाही. खऱ्या चिपवर दिसतो, तोही लहर लागली तर.

सगळ्यात छळतो तो मेमरीचा क्रम. एक थ्रेड (प्रोग्राममधला समांतर चालणारा एक धागा) आधी डेटा लिहितो, मग ‘तयार’ अशी खूण करतो. एक्स८६वर दुसऱ्या कोअरला, म्हणजे त्याच चिपमधल्या दुसऱ्या प्रोसेसरला, ही लिखाणं त्याच क्रमाने दिसतात. आर्मवर खूण आधी दिसू शकते, डेटा अजून जुनाच! वर्षानुवर्षं बिनबोभाट चाललेला गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी मोकळी करणारा भाग) इथे कोसळतो, आणि चुका शोधायचा डीबगर लावला की शहाण्यासारखा वागतो.

[पडद्यावर: लॅपटॉपचा मदरबोर्ड.]

ॲपलने २०२०मध्ये एम१ ही आर्म चिप आणली, तेव्हा जुने इंटेल (एक्स८६) प्रोग्राम रोझेटा २ या भाषांतर करणाऱ्या सॉफ्टवेअरमधून चालवायची सोय दिली. त्यांचा मेमरी-क्रम पाळायला चिपमध्येच एक खास मोड ठेवला. हे काम नुसत्या सॉफ्टवेअरवर सोपवणं किती महाग पडलं असतं, याचा अंदाज यावरून येतो.

आपला प्रोग्राम थेट आर्मसाठी बदलून घेणाऱ्यांना, म्हणजे पोर्ट करणाऱ्यांना, मात्र या मोडचा आधार नाही. शिवाय एम१वर मेमरीचं एकच पान (ठरावीक मापाचा तुकडा) एकाच वेळी लिहिण्याजोगं आणि चालवण्याजोगं ठेवता येत नाही. त्यामुळे जेआयटीत कोड लिहिण्याआधी परवानगी बदला, लिहा, पुन्हा बदला, कॅश साफ करा. आणि ज्या ज्या जागी दोन थ्रेड एकाच डेटाला हात घालतात, ती प्रत्येक जागा शोधून तिथे बॅरिअर, म्हणजे मेमरीचा क्रम पाळायला लावणारी इन्स्ट्रक्शन, घाला.