जुलाबाचे जंतू आतड्याला धरतात कसे

जुलाब म्हटलं की सगळ्यांच्या डोक्यात आधी टॉक्सिन येतं. जंतूने विष सोडलं, पोट बिघडलं, संपला विषय. पण विष नंतर येतं हो, आधी त्या जंतूला तिथे टिकायला तर हवं ना, आणि ते काही सोपं नाहीये. लहान आतडं सतत हलतं, आतलं सगळं पुढे ढकलत राहतं, दिवसाला साधारण 8-9 लिटर पाणी त्यात येतं (आपण पितो ते आणि शरीरच सोडतं ते मिळून), वर म्यूकसचा बुळबुळीत थर, आणि खालच्या पेशी तर दर 3 ते 5 दिवसांनी गळून नवीन येतात. म्हणजे एकतर धरायला जागा नाही आणि धरलीच तर ती जागाच गळून पडणार.

म्हणून या जंतूंच्या अंगावर पिली असतात, प्रोटीनचे बारीक केसांसारखे धागे. ई. कोलाय (आतड्यात राहणारा एक जंतू, त्याचे काही प्रकार जुलाब करतात) याच्या एका प्रकारच्या पिलीच्या टोकाला फिम-एच नावाचं प्रोटीन असतं, ते आपल्या पेशीवरच्या मॅनोज नावाच्या साखरेला धरतं. आता गंमत बघा, पाण्याचा जोर वाढला की पकड सुटायला हवी, पण ही उलट घट्ट होते, फास कसा ओढला की आवळतो तसं. ही पिली आपल्या आतड्यात गुण्यागोविंदाने राहणाऱ्या ई. कोलायकडेही असते, त्यामुळे ती आहे म्हणून जंतू वाईट असं म्हणता येत नाही.

मग वाईट कोण हे कसं ओळखायचं? लॅबमध्ये काचेच्या तुकड्यावर माणसाच्या पेशी वाढवतात, त्यावर जंतू सोडतात, आणि मुद्दाम मॅनोज मिसळतात, म्हणजे ती फिम-एचवाली पकड आधीच गुंतून जाते आणि बाकीच्या पकडी तेवढ्या दिसतात. 3 तास ठेवायचं, नीट धुवायचं, रंग द्यायचा आणि मायक्रोस्कोपखाली बघायचं. काही स्ट्रेन, म्हणजे ई. कोलायचेच उपप्रकार, पेशीवर एकाच जागी घट्ट पुंजका करतात, काही पेशीभर विखरून बसतात, आणि काही एकमेकांनाच धरून विटा रचल्यासारखे बसतात, पेशीवर पण आणि मधल्या मोकळ्या काचेवर पण. नुसत्या बसण्याच्या पद्धतीवरून प्रकार ओळखता येतात, आणि पुढे डीएनए बघितलं तर त्यामागचे जीनपण वेगळे निघाले.

पुंजका करणारा म्हणजे ईपेक, एन्टेरोपॅथोजेनिक ई. कोलाय, लहान बाळांना होणाऱ्या जुलाबातला जुना गुन्हेगार. याची पद्धत मला सगळ्यात भारी वाटते. तो सुईसारख्या यंत्रणेतून स्वतःचं एक प्रोटीन आपल्या पेशीत टोचतो, ते जाऊन पेशीच्या बाहेरच्या पडद्यात बसतं आणि मग त्यालाच तो बाहेरून धरतो. म्हणजे खुंटी पण स्वतःच आणायची. आधी बरीच वर्षं संशोधकांना वाटत होतं की हे प्रोटीन आपल्याच पेशीचं आहे, 1997 मध्ये कळलं की नाही, हे तर जंतूचंच, त्याला टिर म्हणतात. टिर बसलं की खालचं अ‍ॅक्टिन (पेशीच्या आतल्या सांगाड्याचं प्रोटीन) गोळा होतं, जंतूखाली चक्क ओटा तयार होतो आणि तिथले मायक्रोव्हिलाय, म्हणजे अन्न शोषून घेणारे बारीक तंतू, ते साफ होतात. इथे धरणं हेच नुकसान झालं, वेगळं विष नसलं तरी.

विटा रचणारा तो ईएक, एन्टेरोअ‍ॅग्रिगेटिव्ह ई. कोलाय, आणि बायोफिल्मचा खरा उस्ताद हाच. याच्या पिलीवर पॉझिटिव्ह चार्ज असतो आणि जंतूच्या स्वतःच्या अंगावर निगेटिव्ह, त्यामुळे पिली स्वतःच्याच अंगाला चिकटून पडायची भीती. म्हणून तो डिस्पर्सिन नावाचं प्रोटीन सोडून ते अंगावर लेपून घेतो, मग पिली ताठ उभी राहते आणि लांबपर्यंत पोचते. त्यानंतर जंतू एकमेकांत अडकतात, आतड्याकडूनही जास्त म्यूकस सुटतो, आणि त्यात साखरेच्या साखळ्या, प्रोटीन, डीएनए असं सगळं मिसळून जाड थर जमतो, तोच बायोफिल्म. या थरात आत खोल असलेले जंतू मंदावलेले असतात, वाढतच नाहीत, आणि बरीचशी अँटिबायोटिक्स वाढणाऱ्या जंतूवरच नीट चालतात, त्यामुळे औषध पोचलं तरी काही जण वाचतात. 14 दिवस किंवा जास्त रेंगाळणाऱ्या जुलाबात हा जंतू सापडतो त्याला हे एक कारण असावं असं मानतात.

2011 मध्ये जर्मनीत जी साथ आली तिने हे सगळं ठळक केलं. आधी संशय स्पेनच्या काकड्यांवर, मग निघाले मोड आलेल्या मेथीचे दाणे. 3,800 हून जास्त लोक आजारी, 50 हून जास्त मृत्यू, आणि बऱ्याच जणांच्या किडन्या निकामी. जंतू होता ओ104:एच4 नावाचा ई. कोलाय, शिगा टॉक्सिन नावाचं किडनीला इजा करणारं विष सोडणारा. हे विष काही नवीन नव्हतं, पण ते नेहमी ज्यांच्याकडे सापडतं त्यातले बहुतेक ईपेकसारखी पकड वापरतात, याच्याकडे ती पकडच नव्हती. हा मुळात विटा रचणारा ईएक, आणि त्याला एका व्हायरसकडून शिगा टॉक्सिनचा जीन मिळालेला. चिवट पकड आणि जहाल विष एकाच जंतूत आलं.

आता कुणी विचारेल की इतकं घट्ट धरतात तर मग बाहेर पडून दुसऱ्याला कसे लागतात. चांगला प्रश्न आहे, आणि याचं उत्तर कॉलऱ्याच्या जंतूत छान दिसतं. तोही आधी पिलीने एकमेकांना धरून आतड्यावर छोट्या वसाहती करतो, पण प्रत्येक जण बारीक रासायनिक खुणा सोडत असतो आणि गर्दी वाढली की त्या खुणा दाट होतात. मग चिकटण्याचे आणि विषाचे जीन बंद, पोहण्याचे चालू, आणि तो आतड्यावरून सुटतो. जुलाबाबरोबर बाहेर पडणाऱ्यांत काही सुटे असतात, काही बायोफिल्मच्या गुठळ्यांत. उंदरांच्या पिल्लांवरच्या प्रयोगात दिसलंय की रुग्णाच्या जुलाबातून नुकताच बाहेर पडलेला जंतू लॅबमध्ये वाढवलेल्या जंतूपेक्षा बराच सहज लागण करतो, आणि पाण्यात गेल्यावरसुद्धा त्याचा हा जोर काही तास टिकतो.