फाईल डी ड्राईव्हला गेली, की दोन्हीकडे झाली?

नमस्कार मंडळी. आज कॉम्प्युटरवरच्या फायलींबद्दल बोलायचंय. मोठं काही शिकवत नाहीये, ह्या फोल्डरमधली फाईल त्या फोल्डरमधे टाकायची, एवढंच काम. पण अंबड-सातपूरच्या वर्कशॉपमधे ड्रॉइंग असोत, लासलगावच्या व्यापाऱ्याची बिलं असोत नाहीतर कॉलेज रोडच्या स्टुडिओतला लग्नाचा डेटा असो, सगळीकडे डेस्कटॉप असा गच्च भरलेला की मागचा वॉलपेपर कोणता ते मालकालाही सांगता येणार नाही, आणि त्यात न्यू फोल्डर, न्यू फोल्डर दोन, न्यू फोल्डर तीन.

मग एक दिवस सी ड्राईव्ह लाल होतो, म्हणजे कॉम्प्युटरच्या डिस्कचा सी नावाचा कप्पा भरत आलेला असतो. आपण म्हणतो, अरे मी तर सगळं डी ला टाकलं होतं! टाकलं होतं ना, पण हलवलं नव्हतं. गंमत अशी आहे की विंडोजमधे माउसने फाईल ओढली आणि ती त्याच ड्राईव्हमधल्या दुसऱ्या फोल्डरमधे सोडली तर ती मूव्ह होते, पण दुसऱ्या ड्राईव्हमधे सोडली तर कॉपी होते. आणि डेस्कटॉप हा साधारणपणे सी ड्राईव्हमधेच असतो, त्यामुळे डेस्कटॉपवरून डी ला ओढलेली प्रत्येक गोष्ट दोन ठिकाणी तयार. जागा जाते ते एक वेळ चालेल, पण खरा घोळ पुढे होतो, कोटेशनमधला रेट तुम्ही डी मधल्या फाईलीत बदलता आणि पार्टीला मेल करताना डेस्कटॉपवरची जुनी जोडता.

ह्यावर उपाय सोपा आहे. ओढताना शिफ्ट दाबून धरा, मूव्हच होणार. कंट्रोल दाबून धरा, कॉपीच होणार. ओढत असताना कर्सरपाशी मूव्ह की कॉपी ते लिहून येतं, तेवढं वाचायची सवय लावा. आणि एवढं लक्षात ठेवायचा कंटाळा असेल तर राईट बटणाने ओढा, सोडल्यावर कॉम्प्युटर स्वतःच विचारतो, इथे कॉपी करू का मूव्ह करू, का राहू दे. मला विचाराल तर हे राईट बटणवालं सगळ्यात बेस्ट, पण वापरताना फार कोणी दिसत नाही.

बरं, त्याच ड्राईव्हमधे हलवली तर केवढीही मोठी फाईल झटकन जाते आणि दुसऱ्या ड्राईव्हला मात्र रेंगाळते, असं का? कारण पहिल्या वेळी डेटा जागचा हलतच नाही, डिस्कवर एक नोंदवही असते त्यात फक्त पत्ता बदलतो. सातबाऱ्यावर नाव बदललं म्हणून शेत काय उठून दुसऱ्या गावाला जातं का, तसंच हे. दुसऱ्या ड्राईव्हला मात्र खरोखर सगळं वाचून तिकडे लिहावं लागतं आणि मग इकडचं पुसावं लागतं.

आता वेगाचं. लोक एकाच विंडोत कट करतात, मग मागे जा, मग दुसऱ्या फोल्डरात शिरा, तोपर्यंत फोन येतो, आणि काय कट केलं होतं तेच विसरतात. त्यापेक्षा दोन विंडो शेजारी शेजारी लावा ना. विंडोजचं बटण आणि ई, की फोल्डरची खिडकी उघडली. विंडोजचं बटण आणि डावा बाण, ती डाव्या अर्ध्यात बसली, दुसरी उघडून उजव्या बाणाने उजवीकडे. कुठून चाललंय आणि कुठे चाललंय दोन्ही समोर. ही आयडिया काय आजची नाही, १९८६ साली नॉर्टन कमांडर नावाचा फायली हाताळायचा प्रोग्राम आला त्यात हेच होतं, निळा स्क्रीन, दोन कप्पे, एफ फाईव्ह दाबलं की कॉपी, एफ सिक्स दाबलं की मूव्ह. त्याच धर्तीवरचा टोटल कमांडर आजही मिळतो, रोज ढीगभर फायली हलवणाऱ्याने तो एकदा वापरून बघाच, दिसायला जुनाट आहे पण हात बसला की माउस आठवतसुद्धा नाही.

बाकी छोट्या छोट्या गोष्टी. एक फोल्डर वर जायचं तर अल्ट आणि वरचा बाण. नवीन फोल्डर हवं तर कंट्रोल शिफ्ट एन, आणि कृपा करून तिथल्या तिथे नाव द्या. नाव बदलायला एफ टू, आणि तसंच टॅब दाबलं तर पुढच्या फाईलीचं नाव बदलायला येतं, माउस लागतच नाही. तारीख घालायची तर आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, म्हणजे 2025-11-09 असं, नावाने लावलं तरी सगळं तारखेनेच ओळीत लागतं. चुकीच्या फोल्डरात पडली फाईल? घाबरू नका, लगेच कंट्रोल झेड. आणि डीटीपीवाले जे मॅकवर बसतात त्यांच्यासाठी, तिकडे फाईल कट होत नाही, कमांड सी करायचं आणि पेस्ट करताना कमांड ऑप्शन व्ही, की मूव्ह.

आता स्टुडिओवाल्यांसाठी, लग्नसराई आहे म्हणून मुद्दाम. कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावरून कट करू नका, कधीच नाही. मधेच कार्ड निघालं, लाईट गेली, तर अर्धे फोटो इकडे अर्धे तिकडे, आणि कोणते कुठे ते शोधत बसा. आधी कॉपी करा. मग दोन्ही फोल्डरवर अल्ट एन्टर दाबून फायलींचा आकडा आणि साइज जुळवा, फक्त साइज, खालचं साइज ऑन डिस्क नाही, ते ड्राईव्हप्रमाणे वेगळं येऊ शकतं. पेन ड्राईव्हवर मोठा व्हिडिओ जातच नसेल तर तो बहुतेक फॅट थर्टीटू फॉरमॅटचा असेल, त्यात ४ जीबीपेक्षा मोठी एक फाईल मावत नाही, एक्सफॅट करून घ्या, पण आतलं सगळं आधी बाहेर काढून, कारण फॉरमॅटमधे ते पुसलं जातं. आणि पेन ड्राईव्हवरून डिलीट केलेलं रिसायकल बिनमधे शोधू नका, ते तिथे येतच नाही. कार्ड रिकामं करायचं ते आकडे जुळल्यावर, तेसुद्धा कॅमेऱ्यात घालून कॅमेऱ्यातूनच फॉरमॅट करायचं. चला, वेळ झाली माझी, नमस्कार.