मेडलच्या पट्टीवरची खडकी : डब्लिन फ्युजिलिअर्सची गोष्ट

(मेडलचा क्लोजअप. कॅमेरा हळूहळू रिबनवरून खाली.)

हे मेडल जरा नीट बघा. चांदीचं आहे, रिबन फिकट निळी. एका बाजूला व्हिक्टोरिया राणी, दुसऱ्या बाजूला बसलेली विजयदेवता आणि खाली आकडे, १७९९ ते १८२६. आता रिबनवरची ही आडवी पट्टी बघा, हिला क्लास्प म्हणतात, ज्या लढाईत तो सैनिक होता तिचं नाव या पट्टीवर. इथे नाव आहे किरकी. म्हणजे आपली खडकी हो, पुण्याची, जिथे आज दारूगोळ्याचा कारखाना आहे ती.

या मेडलला आर्मी ऑफ इंडिया मेडल म्हणतात आणि त्याच्यासाठी एकूण २१ पट्ट्या काढल्या होत्या. त्यातली काही नावं वाचून दाखवतो, असई, अडगाव, गाविलगड, अशीरगड, पुणे, सीताबर्डी, नागपूर, कोरेगाव. एखाद्या एसटी डेपोचा बोर्ड वाचतोय असं वाटतं की नाही? आणि ही खडकीची पट्टी ज्या गोऱ्या पलटणीच्या लोकांना मिळाली, ती पलटण पुढे जाऊन आयर्लंडची झाली. डब्लिन शहराची. रॉयल डब्लिन फ्युजिलिअर्स.

(मुंबई, फोर्ट. जुन्या तटाचा उरलेला भाग, मागून ट्रॅफिक.)

आता डब्लिनची पलटण आणि मुंबईचा संबंध काय, तर त्यासाठी १६६१ साली ठरलेल्या एका लग्नापर्यंत मागे जावं लागतं. इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स आणि पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन, आणि आंदणात मुंबई, हे आपण शाळेत वाचलेलं असतं. पण त्या आंदणाचा ताबा घ्यायला माणसं आली त्यांचं काय झालं ते शाळेत कोणी सांगत नाही. १६६२ मध्ये सर अब्राहम शिपमन चारेकशे सैनिक घेऊन जहाजांनी निघाला, मुंबईला पोचला आणि पोर्तुगीज म्हणाले, देत नाही जा. कागद बरोबर नाहीत, हे नाही, ते नाही. मग ही सगळी माणसं गेली अंजदीव बेटावर, गोव्याच्या खाली कारवारजवळ, आणि तिथे पाऊस, ताप, जुलाब आणि वाट बघणं. शिपमन तिथेच गेला. १६६५ च्या फेब्रुवारीत शेवटी मुंबई हातात आली तेव्हा हम्फ्री कुक नावाच्या माणसाबरोबर उतरलेले सैनिक होते शंभराच्या आसपास. बाकीचे अंजदीवच्या मातीत.

आणि एवढं करून राजाला मुंबई परवडेना. १६६८ मध्ये त्याने ती ईस्ट इंडिया कंपनीला वर्षाला दहा पौंड भाड्याने देऊन टाकली. बेटाबरोबर सैनिकही. त्यांना विचारलं, कंपनीची नोकरी करता का, बरेचजण हो म्हणाले, दुसरं करणार काय होते. ही जी मूठभर माणसं कंपनीच्या पगारावर आली तीच त्या रेजिमेंटची सुरुवात. पुढे नाव पडलं बॉम्बे युरोपियन रेजिमेंट. त्याच्याही नंतर मद्रासला अशीच एक पलटण तयार झाली, ती वेगळी, तिच्याकडे नंतर येतो. तर डब्लिनच्या या रेजिमेंटच्या एका बटालियनचं मूळ मुंबईच्या बंदरात आहे आणि दुसरीचं मद्रासच्या किल्ल्यात, आणि त्यांच्या बॅजवर वाघ आणि हत्ती आहेत ते काही आयर्लंडच्या जंगलातले नव्हेत.

(गणेशखिंड. सकाळ. विद्यापीठाच्या आतला रस्ता, वडाची झाडं.)

आता मूळ मुद्द्याकडे. हा परिसर तुम्ही ओळखला असेलच. विद्यापीठ चौकातून खडकीकडे उतरणारा सगळा उतार, आज त्याच्यावर क्वार्टर्स आहेत, रेल्वेलाईन आहे, मेट्रो आहे. ५ नोव्हेंबर १८१७ ला दुपारी इथे बापू गोखल्यांचं घोडदळ उभं होतं. मराठ्यांची फौज पंचवीस हजारांच्या वर होती असं साधारण सांगतात, समोर इंग्रजांकडचे तीन हजारांच्याही आत. दुसरा बाजीराव स्वतः पर्वतीवर, तिथून बघत होता. रेसिडेंट, म्हणजे पेशव्याच्या दरबारातला कंपनीचा वकील, एल्फिन्स्टन संगमावरचा बंगला सोडून आपल्या फौजेला येऊन मिळाला आणि मागे तो बंगला पेटला.

आणि इथे ही गोरी पलटण येते. बॉम्बे युरोपियन रेजिमेंट मुंबईहून घाट चढून पुण्यात पोचली ती ३० ऑक्टोबरला. लढाईच्या फक्त सहा दिवस आधी. कंपनीची छावणी तेव्हा गारपिराला होती, शहराला अगदी खेटून, ती १ नोव्हेंबरला उचलून खडकीला नेली. मला कायम वाटतं की पेशव्याने आठवडाभर आधी निर्णय घेतला असता तर हे मेडल वेगळं असतं किंवा नसतंच, पण बाजीरावाकडून वेळेवर निर्णयाची अपेक्षा म्हणजे जरा जास्तच झालं.

(नकाशाची ग्राफिक. बाण उजवीकडून डावीकडे.)

लढाई कशी झाली ते नकाशावर बघू. पेशव्यांकडे डी पिंटो नावाच्या पोर्तुगीजाची कवायती पलटण होती, ती पुढे आली. कंपनीच्या नेटिव्ह इन्फंट्रीची, म्हणजे इथल्या शिपायांच्या पायदळाची, एक बटालियन तिच्यावर तुटून पडली, आणि पाठलाग करता करता स्वतःच्या ओळीतून बाहेर गेली. गोखल्यांनी ते हेरलं आणि घोडदळ सोडलं, जरीपटक्यासकट. कागदावर हा डाव अगदी बरोबर होता. पण मधे एक दलदल होती जी कोणाला दिसलीच नाही, पुढचे घोडे तिच्यात रुतले, मागचे त्यांच्यावर आदळले आणि समोरून गोळीबार. जरीपटका घेतलेले मोरोपंत दीक्षित तिथे पडले. त्यांची आणि कॅप्टन फोर्डची दोस्ती होती, फोर्ड म्हणजे पेशव्याच्याच पगारावरच्या एका पलटणीचा इंग्रज अधिकारी, दापोडीहून आयत्या वेळी कंपनीच्या बाजूने आलेला. दोघांनी एकमेकांना शब्द दिला होता की आपल्यापैकी जो उरेल त्याने दुसऱ्याच्या घरच्यांना सांभाळायचं. मोरोपंत ज्या तोफेच्या माऱ्यात गेले ती फोर्डच्या पलटणीची होती.

बॉम्बे युरोपियन मधल्या फळीत होती, पुढे सरकली, अडचणीतल्या बटालियनला आधार दिला आणि संध्याकाळपर्यंत मैदान रिकामं. बारा दिवसांनी पुणं गेलं.

(पुन्हा मेडल. यावेळी कडेचा शॉट, फिरवून.)

आता या मेडलची एक गंमत, खरं तर गंमत म्हणवत नाही. लढाई १८१७ ची आणि मेडल मंजूर झालं १८५१ ला. चौतीस वर्षांनी. तेही जिवंत असलेल्यांनाच, आणि त्यांनी अर्ज केला तर. म्हणजे खडकीच्या मैदानात वीस वर्षांचा असलेला पोरगा चोपन्नचा झाला असेल, जर कॉलऱ्यातून, अरबस्तानातून आणि दारूतून वाचला असेल तर. शेजारी उभे राहून लढलेले जे मराठी, परदेशी (म्हणजे उत्तर हिंदुस्थानातले), दख्खनी शिपाई, जे संख्येने कितीतरी जास्त होते, त्यांच्यापैकी किती जणांपर्यंत ही बातमी गावात पोचली असेल आणि कोणी अर्ज लिहून दिला असेल, विचार करा. लिलावांत जी मेडलं दिसतात त्यात गोऱ्यांची नावं का जास्त असतात त्याचं उत्तर यातच आहे.

मेडलच्या कडेवर माणसाचं नाव असतं, हे बघा, दिसतंय? आणि नावानंतर पलटण. या पलटणीत आयरिश नावं खूप सापडतात. कारण साधं आहे, घरी जमीन नाही, काम नाही, कंपनी पगार आणि पेन्शन देते. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या अर्ध्यात कंपनीच्या बंगालमधल्या गोऱ्या सैनिकांपैकी जवळजवळ निम्मे आयरिश होते. स्वतःचा देश इंग्रजांच्या ताब्यात आणि हे दुसऱ्याचा देश इंग्रजांच्या ताब्यात द्यायला आलेले. त्यांच्यावर रागवायचं की काय करायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

(रंगवलेली जुनी चित्रं, एकामागून एक.)

खडकीनंतर हे लोक कुठे कुठे गेले, भराभर सांगतो. १८२१ ला ओमानमध्ये बेनी बू अली. १८३९ ला एडन, ते बंदर इंग्रजांनी घेतलं तेव्हा हेच होते. १८४९ च्या जानेवारीत मुलतान, तिथल्या तटाला पडलेल्या खिंडारावर यांच्या सार्जंट जॉन बेनेटने निशाण रोवलं, मग गुजरातची लढाई, हे पंजाबातलं गुजरात बरं का, आपल्या शेजारचं नव्हे. पंजाब मेडलवर या दोन्हींच्या पट्ट्या आहेत. मद्रासवाल्यांच्या खात्यात अर्काट, वांदिवाश, होळकरांविरुद्धचं महिदपूर, ब्रह्मदेश आणि १८५७ चं लखनौ. त्यांचा कर्नल नील, ज्याने अलाहाबादला झाडाझाडाला माणसं लटकवली, तो लखनौत मारला गेला. त्याच्या सैनिकांना निळ्या टोप्यांवरून ब्लू कॅप्स म्हणायचे, मुंबईवाल्यांना ओल्ड टफ्स.

१८५८ नंतर कंपनी गेली, राणी आली, नावं बदलली, आणि १ जुलै १८८१ ला लंडनच्या एका फेररचनेत मद्रास आणि बॉम्बे फ्युजिलिअर्स एकत्र करून रॉयल डब्लिन फ्युजिलिअर्स केलं. डेपो नास गावात, डब्लिनजवळ. अशा तऱ्हेने खडकी हे नाव डब्लिनच्या युद्धसन्मानांत जाऊन बसलं.

(डब्लिन. सेंट स्टीफन्स ग्रीनच्या कोपऱ्यावरची ग्रॅनाईटची कमान. पाऊस.)

हे शूटिंग तिथल्या एका मित्राने करून पाठवलंय, हात जरा हलतोय, चालवून घ्या. ही फ्युजिलिअर्स आर्च, रोमच्या टायटसच्या कमानीवरून काढलेली, १९०७ ची. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात मेलेल्या या रेजिमेंटच्या दोनशेच्या वर लोकांची नावं आत वर कोरलीयेत. उद्घाटन केलं ड्यूक ऑफ कॅनॉटने, आणि तो गृहस्थ त्याआधी मुंबई आर्मीचा सरसेनापती होता, म्हणजे बघा दोरा कुठून कुठे जातोय.

बोअर युद्धातली एकच गोष्ट सांगतो कारण तिचे फोटो आहेत. १५ डिसेंबर १८९९, कोलेन्सो, तुगेला नदी. जनरल हार्टने आयरिश ब्रिगेड कवायतीसारखी खेटून खेटून नदीच्या वळणात नेली, तिन्ही बाजूंनी बोअरांच्या बंदुका. त्यात जॉन डन नावाचा बिगुलवाला होता, अजून मिसरूड न फुटलेला, तो जखमी झाला आणि बिगुल नदीत गेलं. तो इंग्लंडला परतला तर राणीने त्याला बोलावून स्वतःच्या हाताने नवं बिगुल दिलं आणि पेपरवाल्यांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्याच रणांगणावर गांधीजींचं अँब्युलन्स कोअर जखमींना उचलत होतं, आणि त्यांनाही या युद्धाचं मेडल मिळालं होतं, जे त्यांनी १९२० ला सरकारला परत केलं. आणि बोअरांच्या बाजूनेही एक आयरिश ब्रिगेड लढत होती, मेजर मॅकब्राईडची. या मॅकब्राईडला इंग्रजांनी १९१६ मध्ये डब्लिनला गोळ्या घातल्या.

(आर्काईव्ह फोटो. व्ही बीच, रिव्हर क्लाईड जहाज.)

१९१४ ला महायुद्ध सुरू झालं तेव्हा पहिली बटालियन कुठे होती? मद्रासला, फोर्ट सेंट जॉर्जमध्ये, जिथे तिचा जन्म झाला तिथेच. तिथून ती २५ एप्रिल १९१५ ला तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीत, सेद्द अल बहरच्या किनाऱ्यावर, उघड्या होड्यांतून.

(दहा सेकंद निवेदन नाही. फक्त फोटो.)

शेजारच्या मन्स्टर फ्युजिलिअर्सचीही अशीच कत्तल झाल्याने उरलेल्या दोन्ही पलटणी जोडून एक केली, सैनिक तिला डबस्टर्स म्हणायचे. रग्बी क्लबातली पोरं एकत्र भरती झालेली सातवी बटालियन ऑगस्टमध्ये सुवलाला उतरली. पुढच्या वर्षी ईस्टरच्या आठवड्यात डब्लिनमध्ये इंग्रजांविरुद्ध उठाव झाला, त्याच दिवसांत फ्रान्समधल्या हुलुखला या रेजिमेंटवर जर्मनांनी गॅस सोडला, आणि डब्लिनच्या रस्त्यावर याच रेजिमेंटच्या दुसऱ्या बटालियन्स स्वतःच्याच शहरातल्या लोकांवर गोळ्या चालवत होत्या. मघाच्या कमानीवर त्या आठवड्यातल्या गोळ्यांच्या खुणा अजून आहेत. महायुद्धाचे तीन व्हिक्टोरिया क्रॉस, डाउनी, ऑकेंडन आणि कर्टिस, तिघेही सार्जंट. मेलेले चार हजार सातशेच्या वर. उरले ते परत आले तेव्हा देश बदललेला होता, मेडल छातीला लावून बाहेर पडायची सोय राहिली नाही, आणि कमानीला लोक ट्रेटर्स गेट, म्हणजे गद्दारांचं दार, म्हणू लागले.

१२ जून १९२२ ला विंडसर राजवाड्यात त्यांनी आपली निशाणं पाचव्या जॉर्जच्या हवाली केली आणि ३१ जुलैला रेजिमेंट मोडली.

(मेडल, टेबलावर. बाजूला भिंग.)

आता एक विनंती. बॉम्बे नेटिव्ह इन्फंट्रीतले शिपाई बहुतेक कोकणातले आणि देशावरचे होते. तुमच्या घरी जुन्या पेटीत, देव्हाऱ्यात, आजीच्या बटव्यात असं एखादं चांदीचं मेडल असेल, तर कृपा करून ते चिंच किंवा पितांबरी लावून घासू नका, आणि सोनाराकडे वितळवायला तर अजिबात देऊ नका. भिंग घ्या, कड फिरवून बघा, तिथे नाव आणि पलटण इंग्रजीत असते, वाचता नाही आलं तरी चालेल. चार बाजूंनी फोटो काढा, कडेचा फोटो उन्हात तिरका धरून, आणि आम्हाला पाठवा. गोऱ्यांच्या नावांची यादी बऱ्यापैकी तयार आहे, आता आपल्या माणसांची करायला घेतलीये.