ब्रूस लीच्या रिकाम्या जागेसाठी : एक विडंबनपट आणि त्याचे प्रेक्षक

रसिकहो,

गेल्या आठवड्यात याच सभागृहात आपण जस्टिन लिन यांचा ‘फिनिशिंग द गेम’ हा २००७ सालचा चित्रपट पाहिला. त्यानंतरची चर्चा इतकी लांबली की दिवे मालवायची वेळ आली तरी मंडळी दाराशी उभी राहून बोलत होती. आज मला त्या चर्चेवरच बोलायचे आहे. आपली मते सरळ दुभंगली होती. काहींना हा चित्रपट कुंग फू चित्रपटांचा अपमान वाटला, काहींना त्यात हाणामारी नाही म्हणून फसवणूक वाटली, काहींना तो कळलाच नाही, काहींना मध्यंतरानंतर कंटाळा आला, आणि तरुण मंडळींपैकी बऱ्याच जणांना तो मनापासून आवडला. सगळ्या मतांना सारखाच मान देऊन मोकळे होणे सोपे आहे, परंतु मी तसे करणार नाही. यांतले एक मत मला पूर्ण मान्य आहे आणि दोन मते मी आग्रहाने खोडून काढणार आहे.

आधी थोडा इतिहास सांगतो, कारण तो ठाऊक नसेल तर या चित्रपटातला विनोद हवेत विरून जातो. १९७२ साली ब्रूस लीने ‘गेम ऑफ डेथ’ या स्वतःच्या चित्रपटाचे चित्रीकरण सुरू केले. नायक एका बहुमजली पॅगोडात शिरतो आणि प्रत्येक मजल्यावर त्याची गाठ नव्या प्रतिस्पर्ध्याशी पडते, अशी ती कल्पना होती. सात फुटांहून उंच असलेला बास्केटबॉलपटू करीम अब्दुल-जब्बार आणि काळ्या पट्ट्यांच्या पिवळ्या पोशाखातला ब्रूस ली यांची झुंज त्याच वेळी चित्रित झाली. मग ‘एंटर द ड्रॅगन’चे काम आले, हा चित्रपट बाजूला पडला, आणि २० जुलै १९७३ रोजी वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी हाँगकाँगमध्ये ब्रूस लीचे निधन झाले. पुढे गोल्डन हार्वेस्ट या निर्मितीसंस्थेने रॉबर्ट क्लाउझ यांच्याकडून तो चित्रपट पुरा करून घेतला आणि १९७८ साली प्रदर्शित केला. त्यात ब्रूस लीने पॅगोडात स्वतः चित्रित केलेला भाग दहा-बारा मिनिटांच्या आसपास आहे. बाकी ठिकाणी बदली नट वावरतात. कधी त्यांच्या डोळ्यांवर काळा चष्मा असतो, कधी खोटी दाढी, कधी ते नुसते पाठमोरे दिसतात. एका दृश्यात तर ब्रूस लीच्या चेहऱ्याचे कापलेले चित्र आरशावर चिकटवून आपण त्यालाच पाहतो आहोत असा भास निर्माण करण्याचा प्रयत्न केला आहे. याहून अंगावर येणारी गोष्ट म्हणजे कथेतला नायक मेल्याचे सोंग घेतो, आणि त्या प्रसंगासाठी ब्रूस लीच्या खऱ्या अंत्यदर्शनाचे चित्रीकरण वापरले आहे.

हे सगळे खरोखर घडले आहे, आणि म्हणूनच लिन यांनी निवडलेला खोट्या माहितीपटाचा घाट मला अगदी योग्य वाटतो. जिथे वास्तवानेच विडंबनाच्या पुढे मजल मारली आहे, तिथे विडंबनकाराने वास्तवाचीच भाषा बोलावी, शांतपणे मुलाखती घ्याव्यात आणि माणसांना बोलू द्यावे. चित्रपटाची कल्पना साधी आहे. ब्रूस लीच्या जागी कोणाला उभे करायचे याचा शोध सत्तरच्या दशकात चालू आहे आणि एक कॅमेरा उमेदवारांच्या मागे फिरतो आहे. ब्रीझ लू हा दुय्यम मारधाडपटांचा नायक आपण ब्रूस लीची नक्कल करतच नाही असे ठासून सांगतो. कोल किम हा अलाबामाहून आलेला भाबडा तरुण आहे. ट्रॉय पून एके काळी दूरचित्रवाणी मालिकेत झळकलेला नट आहे आणि आता तो दारोदार व्हॅक्यूम क्लीनर विकतो. दिसायला पूर्ण गोरा असलेला टॅरिक टायलर मात्र आपल्या अर्ध्या चिनी वारशाबद्दल तावातावाने भाषणे देतो.

अपमानाचा आक्षेप आपल्यातल्या ज्येष्ठांनी घेतला, आणि त्यामागची भावना मी समजू शकतो. नागपुरातल्या एकपडदा चित्रपटगृहांत आणि पुढे गल्लोगल्लीच्या व्हिडिओ पार्लरांत ज्यांनी हे चित्रपट पाहिले, ज्यांनी त्यानंतर कराटेच्या वर्गांत नाव घातले, त्यांच्यासाठी ब्रूस ली हा चेष्टेचा विषय होऊच शकत नाही. परंतु मी त्यांना विनंती करतो की त्यांनी हा चित्रपट पुन्हा पाहावा आणि त्यात ब्रूस लीवर हसणारे एक तरी दृश्य दाखवावे. हसू येते ते त्याच्या जागेचा बाजार मांडणाऱ्यांचे. त्याच्या मृत्यूनंतर ब्रूस ली (उच्चार तोच, इंग्रजी स्पेलिंग मात्र ‘Li’), ब्रूस ले, ड्रॅगन ली अशा नावांचे तोतया नट उभे करून कितीतरी चित्रपट काढले गेले. त्या काळात बहुतेकांनी तो व्यवहार निमूटपणे पाहिला. अपमान कुठे झाला असेल तर तो तिथे झाला.

हाँगकाँगने स्वतःही या व्यवहाराची थट्टा केली आहे. १९७८ साली सॅमो हंग यांनी ‘एंटर द फॅट ड्रॅगन’ काढला. त्यात ब्रूस लीचा एक लठ्ठ, खेडवळ भक्त शहरात येतो आणि आपल्या दैवताची टिंगल करणाऱ्या तोतया नटाला चोप देतो. हेच सॅमो हंग ‘एंटर द ड्रॅगन’च्या आरंभी ब्रूस लीशी लढताना दिसतात, आणि १९७८ च्या त्या जोडकाम केलेल्या ‘गेम ऑफ डेथ’मधील मारामाऱ्यांची आखणीही त्यांनीच केली होती. तोतयांचा धंदा इतक्या जवळून पाहिलेल्या माणसाने त्याच वर्षी त्याची टर उडवली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते. विडंबन हे शत्रूचेच काम असते, हा समज तिने मोडावा.

दुसरा आक्षेप हाणामारी नसल्याचा. येथे दोन प्रकारच्या विडंबनांची गल्लत होते आहे. एक प्रकार जुन्या चित्रपटांच्या बाह्य खुणांवर हसतो. झपकन चेहऱ्यावर येणारा झूम, फटक्यांचे अवास्तव आवाज आणि ओठांशी न जुळणारे संवाद या त्या खुणा होत. २००२ च्या ‘कुंग पाव’मध्ये स्टीव्ह ओडेकर्क यांनी १९७६ सालचा हाँगकाँगचा एक चित्रपट घेतला, त्यात स्वतःला घुसवले आणि संवाद नव्याने भरले. तो पाहताना मीही हसलो. पण तासाभराने थकवा आला, कारण न जुळणाऱ्या संवादांवर किती वेळ हसणार? त्या काळी हाँगकाँगमध्ये चित्रीकरण बहुधा आवाजाविना होई आणि संवाद मागाहून भरले जात. अनेक भाषांच्या बाजारपेठांत माल पोचवणाऱ्या कारखान्याची ती सोय होती. लिन यांना त्या सोयीत रस नाही. पडद्यावर कोणाला जागा मिळते आणि कोणाला नाही, यात त्यांना रस आहे. १९७२ साली अमेरिकेत ‘कुंग फू’ नावाची दूरचित्रवाणी मालिका सुरू झाली, आणि तिच्यातला अर्धचिनी शाओलिन भिक्षू डेव्हिड कॅराडाइन या गोऱ्या नटाने रंगवला. टॅरिक टायलर पडद्यावर आला की त्यामागे ही सगळी हकिकत उभी असते. चर्चेत एका विद्यार्थिनीने लगेच २०१४ च्या ‘मेरी कोम’ची आठवण काढली. त्यात मणिपुरी मुष्टियोद्धा स्त्रीची भूमिका प्रियांका चोप्राला दिली गेली होती. त्या संध्याकाळचे सर्वांत नेमके वाचन मला ते वाटले.

आता न कळल्याची तक्रार. ती खरी आहे, पण तो दोष चित्रपटाचा नाही. आचार्य अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’ १९२५ साली प्रसिद्ध केली तेव्हा वाचक खदखदून हसले, कारण रविकिरण मंडळाच्या कविता त्यांच्या कानांत ताज्या होत्या. आज तोच संग्रह एखाद्या तरुणाच्या हाती दिला तर अर्ध्या ओळी त्याला कोऱ्या वाटतात. अत्र्यांना ती वृत्ते, तो भावविवशतेचा सूर आणि ते फारसी वळण हे सारे आतून येत होते, म्हणून ते विडंबन टिकले; परंतु त्याने वाचकाकडूनही तेवढीच तयारी मागितली. आपल्या विदर्भातल्या खडी गंमत या लोकनाट्यात शाहीर एखाद्या असामीची नक्कल करतो तेव्हा ती असामी ओळखणारा माणूसच आधी हसतो आणि शेजाऱ्याला कारण सांगतो. आपणही तसेच करायला हवे होते. चित्रपटाआधी १९७८ चा ‘गेम ऑफ डेथ’ दाखवला असता, तर आरशावरचे ते चिकटवलेले चित्र सर्वांच्या डोळ्यांसमोर राहिले असते. पुढच्या वेळी आयोजकांनी हा क्रम पाळावा, अशी माझी सूचना आहे.

मला मान्य असलेली तक्रार मध्यंतरानंतरच्या कंटाळ्याची आहे. उमेदवारांची ओळख होईपर्यंत चित्रपट चपळ आहे. नंतर निवडचाचण्यांची दृश्ये एकाच ठेक्यात येतात, मुलाखतींना नवे काही सांगायचे उरत नाही, आणि काही पात्रे केवळ एका विनोदापुरती असल्याचे उघडे पडते. खोट्या माहितीपटात पात्रे हळूहळू आपल्याच बोलण्याच्या जाळ्यात अडकत जावीत, अशी अपेक्षा असते. येथे ते फक्त ट्रॉय पूनच्या बाबतीत साधले आहे. कधीकाळी आपण कोण होतो हे सांगताना त्याचा आवाज ज्या प्रकारे खाली येतो, तेवढ्यासाठी मी हा चित्रपट पुन्हा पाहीन.

‘हरणाऱ्या नटांची गोष्ट कशाला सांगायची?’ असेही कोणी विचारले. प्रत्यक्ष ‘गेम ऑफ डेथ’मध्ये ब्रूस लीच्या जागी मुख्यतः किम ताय-चुंग हा कोरियन नट उभा राहिला, आणि कोलांट्या युएन बियाव यांनी मारल्या. चित्रपट जगभर पाहिला गेला, पण किमचे नाव आपल्यापैकी किती जणांनी ऐकले होते? पुढे १९८०च्या दशकाच्या मध्यावर ‘नो रिट्रीट, नो सरेंडर’ या चित्रपटात त्याला पुन्हा काम मिळाले. त्यात एका मुलाला कुंग फू शिकवणाऱ्या ब्रूस लीच्या भुताची भूमिका त्याने केली आहे.