ऑफर मागे घेतली तर

श्रोतेहो, नमस्कार.

सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपन्या असोत की पीथमपूरचे कारखाने, इंदूरच्या आपल्या मराठी घरांतली किती तरी मुलं-मुली तिथे नोकरीला आहेत किंवा लागू पाहताहेत. ऑफर लेटर आलं की घरात पेढे येतात, पुण्याच्या आत्याला फोन जातो आणि दुसऱ्याच दिवशी जुन्या नोकरीचा राजीनामा दिला जातो. मग जॉइनिंगला आठवडा उरलेला असताना मेल येतो की काही कारणास्तव आम्ही ऑफर मागे घेत आहोत. ज्यांच्यावर ही वेळ आली त्यांच्याशी आज बोलायचं आहे, आणि त्यांच्या आईवडिलांशीही.

आधी कायद्याचं. आपला करार कायदा १८७२ सालचा आहे. त्याच्या पाचव्या कलमानुसार प्रस्ताव मागे घेता येतो, पण समोरच्याने स्वीकृती रवाना करेपर्यंतच. तुम्ही ‘मला मान्य आहे’ असं लेखी कळवलंत की करार झाला. त्यानंतर कंपनी मागे फिरली तर तो करारभंग, आणि कलम ७३ प्रमाणे नुकसानभरपाई मागता येते. म्हणून फोनवर नुसतं ‘हो’ म्हणून थांबू नका. त्याच दिवशी मेल करा.

मात्र न्यायालय कंपनीला ‘याला कामावर घ्याच’ असं सहसा सांगत नाही. खासगी नोकरीत माणूस मालकावर लादता येत नाही, अशीच आपल्या कायद्याची धारणा आहे. भरपाईसुद्धा बहुधा नोटीस पिरियडच्या पगाराच्या आसपासच राहते. हे ऐकून वाईट वाटतं, मलाही ते अपुरं वाटतं. पण खोटी आशा देण्यापेक्षा हे आधीच सांगितलेलं बरं.

खरी मेख पत्राच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर असते. ‘बॅकग्राउंड व्हेरिफिकेशन समाधानकारक झाल्यास’, ‘वैद्यकीय तपासणीत पात्र ठरल्यास’ अशा अटी तिथे बारीक अक्षरांत लिहिलेल्या असतात. त्या पुऱ्या झाल्या नाहीत, तर कंपनीला कायदेशीर वाट मोकळी असते. म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे: पगाराच्या आकड्यावर खूश होऊन राजीनामा देऊ नका. आधी एचआरला लिहून विचारा, ‘माझं व्हेरिफिकेशन पूर्ण झालं का?’ लेखी ‘हो’ आलं की मगच राजीनामा. यात पंधरा दिवस गेले तरी जाऊ द्या. थांबायला तयार नसलेली कंपनी पुढे तुम्हाला कशी वागवेल, याचाही अंदाज येतो.

आणि मेल आलाच तर? त्याच दिवशी जुन्या साहेबांना भेटा. राजीनामा दिलेला असला, तरी शेवटचा दिवस उजाडायचा असेल तर तो परत घेण्याची विनंती करता येते. एका सरकारी कर्मचाऱ्याच्या स्वेच्छानिवृत्तीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये अशीच मुभा मान्य केली आहे. खासगी नोकरीत ते करारावर आणि साहेबांच्या मनावर असतं, पण विचारायला संकोच कशाला? नव्या कंपनीकडून ऑफर मागे घेण्याचं कारण लेखी मागा. सगळे मेल, राजीनाम्याची प्रत, घर बदलायला झालेल्या खर्चाच्या पावत्या जपून ठेवा. दाव्याची मुदत तीन वर्षांची आहे. या काळात दुसरी नोकरी शोधत राहा, कारण नुकसान कमी करायला तुम्ही काय केलंत हे न्यायालय बघतं.

वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा, किंवा १५१०० वर फोन करा. १९८७ च्या कायद्याप्रमाणे महिलांना उत्पन्न कितीही असलं तरी तिथे मोफत मदत मिळते. आपल्या कितीतरी मुलींना हे ठाऊकच नसतं.

आईबाबांनो, एक विनंती. ‘तुझ्यातच काही कमी असेल’ असं चुकूनही म्हणू नका. कंपनीचं बजेट कापलं गेलं, प्रोजेक्ट रद्द झाला, यात मुलाचा काय दोष? नातेवाइकांनी विचारलं तर सरळ सांगा, ऑफर रद्द झाली, दुसरी बघतोय.

आणि माणसं नेमण्याचं काम ज्यांच्या हाती आहे त्यांना सांगते: मंजुरी पक्की झाल्याशिवाय पत्र काढू नका. मागे घ्यावंच लागलं, तर मेलवर निभावून नेऊ नका. स्वतः फोन करा, कारण सांगा आणि निदान एका महिन्याचा पगार द्या.